चहा संपेपर्यंत मागे बघायचं नाही

"बैनी! ओ बैनी! ही हिरवी जीप तुमची का? असेल तर जरा लवकर या... मला फार वेळ धरवणार नाही!"

औषधाच्या दुकानात मी बाबांच्या गोळ्या घेत होते. वळून बघते तर काय... आमची जीप इंच-इंच मागे सरकत होती, आणि एक काटकुळा मुलगा तिच्या मागच्या बाजूला पाठ लावून, पाय रोवून उभा होता. तोंड लालबुंद. आणि एवढ्यातही महाशय हसत होते!

गोळ्या तिथेच टाकून मी धावले, दार उघडून आत उडी मारली आणि ब्रेक दाबला. जीव भांड्यात पडला. मग खाली उतरले आणि पहिल्यांदा चाकामागे बघितलं. चाकाला लावलेला दगड गायब!

"माझा दगड कुठे गेला?"

तो हात झटकत होता. हळूच त्याने आपल्या गाडीकडे बघितलं. निळी, पत्र्याची, पावरोटी वाटायची व्हॅन, आणि तिच्या मागच्या चाकाला माझा दगड अगदी ऐटीत बसलेला.

"तो... तुमचा होता?"

"नाही, डोंगराचा होता! मी फक्त तो माझ्या चाकाला लावला होता!"

"मला वाटलं, गाडी गियरमध्ये असणार. गियरमधल्या गाडीला दगड कशाला? आणि माझा हँडब्रेक ढिला, म्हणून जरा उसना घेतला."

"दुसऱ्याच्या चाकाचा दगड उसना घेतात?"

"इथे सगळेच घेतात, बैनी. पण गाडी गियरमध्ये न लावता उतारावर सोडून जाणारं मात्र... तुम्ही पहिल्याच."

चोर तो चोर, वर शिरजोर! माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, तो तिथून घसरायला उतारसुद्धा लागत नाही. मी म्हटलं, "माझे बाबा माझ्या जन्माआधीपासून जीप चालवतात. ते सांगतात, उभी गाडी गियरमध्ये ठेवली की गियर झिजतात. दगड लावला की काम झालं. समजलं, दाजू?"

"समजलं," तो म्हणाला. "पण तुमचे बाबा दगडाजवळ बसून राहत असतील."

आणि ते खरं होतं, हेच मला झोंबलं. बाबा कधीच गाडी सोडून लांब जात नसत.

आता आमच्या कालिम्पोंगमध्ये अनोळखी मुलगी दिसली की बैनी, म्हणजे बहीण, आणि अनोळखी मुलगा दिसला की दाजू, म्हणजे दादा, एवढा साधा हिशोब आहे. त्यात माया बिया काही नसते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे या दोन शब्दांनी आमची फार पंचाईत केली.

त्याचं नाव नोर्देन. नोर्देन लेप्चा. बाजारामागच्या बेकरीची गाडी चालवायचा. हे मला त्याने सांगितलं नाही, त्याच्या सदऱ्याला लागलेल्या पिठाने आणि बेकरीच्या नावाच्या पाटीने सांगितलं. दगड उचलून त्याने परत माझ्या चाकाला लावला, तोही अगदी नीट, उताराच्या बाजूने घट्ट. जाताना म्हणाला, "शिकायचं असेल तर सांगा. उतारावर गाडी लावणं हाच माझा धंदा आहे. पाव काय, कुणीही विकेल."

"गरज नाही," मी म्हटलं.

गरज होती. गळ्यापर्यंत होती.

त्याचं असं झालं होतं. बाबांची जीप बाजारातून सिमलडांड्याला माणसं नेणाऱ्या जीपच्या लाइनवर होती. पावसाळ्यात आल्याच्या वाफ्यात बाबांचा पाय घसरला आणि डावा गुडघा असा गेला की डॉक्टर म्हणाले, चालाल, पण क्लच दाबणं विसरा. आता आमच्या लाइनचा नियम असा: घरातल्या कुणी गाडी हाकली तर नंबर, म्हणजे लाइनमधली जागा, घरात राहतो, नाहीतर पुढे जो वाट बघत असेल त्याला मिळतो. वाट बघत होता साइला काकांचा पुतण्या, बिशन. साइला काका म्हणजे लाइनचे प्रमुख. बिशनने नवी जीप आणून तिला झालरीसुद्धा लावल्या होत्या.

आमच्या घरात बाबांनंतर कोण? मीच. युमा सुब्बा. लायसन्स होतं, गाडी माझं पोटच्या पोरीसारखं ऐकायची, वळणं डोळे मिटून घेता यायची. पण लाइनची स्वतःची एक परीक्षा असते. ती कुठल्या ऑफिसात होत नाही, गिर्जाघराच्या चढावर होते. तो चढ असा की तिथे बकरीसुद्धा तिरकी उभी राहते. भरलेली जीप तिथे उभी करायची. दगड लावायचा नाही. कारण कुणीतरी रस्त्यात विसरलेल्या दगडावरून शाळेच्या मास्तरांची स्कूटर उलटली होती, आणि तेव्हापासून लाइनवर नव्या ड्रायव्हरांना दगड बंद. मग खाली उतरून फुर्बा दीदीच्या टपरीत जायचं, रस्त्याकडे पाठ करून बसायचं आणि एक पेला चहा प्यायचा. काठोकाठ भरलेला, उकळता.

चहा संपेपर्यंत मागे वळून गाडीकडे बघायचं नाही. बघितलं की नापास. गाडी जागची हलली नसली तरी नापास.

"का हो काका?" मी लहानपणी विचारलं होतं.

"ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही," काका म्हणाले होते, "त्याच्या गाडीत मी माझी म्हातारी बसवणार नाही."

परीक्षा दसैंच्या आधी. म्हणजे नवरात्र लागायच्या आत मला दगडाशिवाय गाडी लावता यायला हवी होती. नंबर गेला असता तर जीप विकावी लागली असती, आणि बाबा पडवीत बसून दुसऱ्यांच्या जीप मोजत बसले असते. ते मी होऊ देणार नव्हते. काही झालं तरी नाही.

म्हणून आधी एकटीने करून बघितलं. घरामागच्या उतारावर जीप लावली, हँडब्रेक ओढला, मनातल्या मनात आमच्या देवीचं, युमा आजीचं नाव घेतलं आणि उतरले. जीप शहाण्यासारखी उभी राहिली... मी पाठ फिरवेपर्यंत. मग ती निवांत मागे गेली आणि शेजारच्या इस्कुस या वेलभाजीच्या मांडवात शिरली. आमा, माझी आई, पदराला हात पुसत बाहेर आली, वेलात अडकलेली जीप बघितली आणि म्हणाली, "भाजी आणायला गेली होती का गाडी?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बेकरीच्या दारात उभी. धुकं इतकं की समोरचा दिवा नुसता पिवळा डाग. नोर्देन पावाचे लोखंडी ट्रे व्हॅनमध्ये सरकवत होता. मला बघून थांबला. हसला नाही, हे त्याचं नशीब!

"शिकायला आले नाहीये," मी म्हटलं. "पाव घ्यायला आलेय."

"कुठला देऊ?"

"कुठलाही... उतारावरचा."

मग हसला. आणि काय सांगू, त्या धुक्यात मला तेवढंच स्पष्ट दिसलं.

अशी आमची शिकवणी सुरू झाली. पुढे त्याची व्हॅन, मागे माझी जीप. आमच्या गावात सपाट जमिनीवर दुकान सापडणं म्हणजे तळहातावर केस सापडणं. जिथे जिथे तो पाव द्यायला थांबे, तिथे तिथे मी त्याच्या मागे जीप लावायची. तो पाव देऊन यायचा आणि माझ्या शेजारी बसायचा. त्याच्याबरोबर गरम लोण्याचा वास आत यायचा.

"आधी हँडब्रेक ओढा. घट्ट. आता पायाचा ब्रेक हळूहळू सोडा... हळू! गाडीला बसू द्या. म्हातारं माणूस खुर्चीत बसतं ना, तसं. बसली?"

"बसली."

"आता परत ब्रेक, क्लच, आणि गियर. तोंड चढाला आहे, म्हणून पहिला. तोंड उताराला असतं तर रिव्हर्स. म्हणजे गाडीला जायचं असेल तिकडे इंजिन जाऊ देणार नाही."

"आणि गियर झिजले तर?"

"उभ्या गाडीचे गियर झिजत नाहीत. भांडून माणसं झिजतात. आता चाकं. दरीकडे की डोंगराकडे?"

"डोंगराकडे. सुटलीच तर भिंतीला जाऊन टेकेल."

"शाब्बास, बैनी. आता उतरा. आणि चालत जा. आरशात बघू नका. मागे बघू नका."

मी चार पावलं गेले आणि मागे बघितलं.

"बघितलंत!"

"मी गाडीकडे नव्हतं बघितलं," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं! त्याचे कान पावाच्या कवचासारखे तांबूस झाले, आणि माझं काय झालं ते मला दिसत नव्हतं म्हणून बरं.

एकदा बारीक पाऊस भुरभुरत होता. काच धुरकट झालेली. माझा हात गियरवर होता, मला पहिला सापडत नव्हता, आणि त्याने माझ्या हातावर हात ठेवून तो डावीकडे पुढे नेला. गियर पडला. हात मात्र तिथेच राहिला... एक क्षण, दोन. त्याचा हात गरम होता, भट्टीतला. माझा गार. वायपर तेवढा बोलत होता.

"बसली," शेवटी तो म्हणाला.

"कोण?"

"गाडी."

फुर्बा दीदीच्या नजरेतून काही सुटत नाही. तिचीच टपरी गिर्जाघराच्या चढावर. एका सकाळी तिने पाव मोजून घेता घेता सुनावलं, "काय रे नोर्देन, सगळ्या गावाला पाव देतोस आणि सगळ्यात खरपूस तेवढा या जीपवालीला? वर बैनी म्हणतोस! अशी कुठली रे बहीण, जिला बघून भावाला सुटे पैसे मोजता येत नाहीत?"

झालं! त्या दिवसापासून त्याचं बैनी बंद झालं. पण नावही घेईना. नुसतं "अहो... ते... ऐका ना." मीही दाजू म्हणायला तोंड उघडायची आणि शब्द घशात अडकायचा. दोन माणसं रोज सकाळभर एकत्र, आणि एकमेकांना हाक मारायची सोय नाही!

"मला नाव आहे," एकदा मी चिडून म्हटलं.

"माहीत आहे."

"मग घे ना! आणि ते अहो-जाहो पुरे."

तो स्टिअरिंगवरचा माझा हात बघत होता. "घेतलं की सगळ्यांना कळेल," तो म्हणाला.

"काय कळेल?"

"मी कसं घेतो त्यावरून... कळेलच ना." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "मला तुला एक सांगायचं होतं. म्हणजे, मी असा विचार करत होतो की..."

"थांब," मी म्हटलं. माझं काळीज असं उडत होतं की हँडब्रेक लावला असता तरी थांबलं नसतं. पण मी स्वतःला ओळखते. एकदा मन तिकडे गेलं की चढही गेला आणि नंबरही गेला. "परीक्षेआधी एक शब्द नाही. मला बाबांचा नंबर टिकवायचाय. त्याच्याशिवाय दुसरं काही डोक्यात घ्यायचं नाही, असं ठरवलंय मी."

"आणि परीक्षेनंतर?"

"नंतर बोल. मी ऐकेन."

"ठीक आहे. नंतर."

"आणि त्या दिवशी तिथे यायचं नाहीस. तू आलास तर मी मागे बघेन. शपथ घे."

त्याने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. पुरुषांच्या शपथा आणि त्याच्या व्हॅनचा हँडब्रेक, दोन्ही सारखेच ढिले. तो स्वतःच सांगायचा, "माझा हँडब्रेक नुसता नावाला आहे. माझी गाडी गियरवर उभी असते."

परीक्षेच्या दिवशी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. बाबा काठी टेकत पुढच्या सीटवर बसले. मागे साइला काका, त्यांची म्हातारी आणि लाइनचे दोन-तीन जाडजूड ड्रायव्हर. परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतः गाडीत बसून राहायचं, ही आमची पद्धत. चुकलात तर आधी परीक्षकच गडगडणार! बिशन मात्र टपरीत आधीच जाऊन बसला होता. माझ्या डोळ्यांवर पाळत ठेवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्याच्याइतकं मन लावून ते कुणीच केलं नसतं.

चढाच्या मध्यावर मी जीप थांबवली. हँडब्रेक ओढला. पाय हळूहळू उचलला. जीप किंचित मागे रेलली, कुरकुरली, आणि बसली. मग गियर. चाकं डोंगराकडे. इंजिन बंद.

बाबांचा डावा हात सवयीने दाराच्या कडीवर गेला होता, दगड शोधायला उतरायच्या तयारीत. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कडी सोडली आणि हात मांडीवर ठेवला. त्या एका गोष्टीने मला किती बळ आलं, ते सांगता यायचं नाही.

मी उतरले आणि सरळ टपरीत शिरले. रस्त्याकडे पाठ करून बसले. फुर्बा दीदीने पेला पुढे ठेवला. काठोकाठ, वाफाळता.

"जीभ सांभाळ ग," ती पुटपुटली.

पहिल्या घोटाला जीभ भाजली. दुसऱ्या घोटाला मागून ओरडा आला, "सुटली! गाडी सुटली!"

हा ओरडा प्रत्येक परीक्षेत होतो. उभे असलेले ड्रायव्हर मुद्दाम ओरडतात. सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि तरी भले भले मानेला झटका देतात. माझ्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. पण गियर पहिला होता. चाकं डोंगराकडे होती. मी माझ्या हाताने लावली होती.

तिसरा घोट.

"अगं युमा," बिशन लाडात म्हणाला, "तुझे बाबा हात हलवताहेत. घाबरलेत बिचारे."

"हलवू देत. हात त्यांचा आहे, गाडी माझी आहे."

फुर्बा दीदी फिस्सकन हसली. पेला अर्ध्यावर आला. आता थोडंच राहिलं होतं. बाबांचा नंबर त्या पेल्याच्या तळाशी होता आणि मी तो पिऊन काढणार होते.

आणि मग मला तो आवाज आला.

खण्... खण् खण्... खणखणखण्.

लोखंडी ट्रे एकमेकांवर आपटल्याचा आवाज. तो आवाज मी रोज सकाळी ऐकला होता, पण व्हॅन चालू असताना, इंजिनाच्या घरघरीबरोबर. आता घरघर नव्हती. नुसते ट्रे वाजत होते, आणि आवाज वरून खाली येत होता.

यावेळी कुणीच "सुटली" म्हणून ओरडलं नाही. फक्त एक आवाज आला, फाटलेला. "बाजूला व्हा! बाजूला...!"

नोर्देनचा आवाज.

पेला हातातून कधी खाली ठेवला, मला आठवत नाही. सांडला नाही, एवढं फुर्बा दीदी अजून शपथेवर सांगते. मी टपरीबाहेर होते. वरून निळी व्हॅन रिकाम्या सीटने खाली येत होती, फार जोरात नाही, पण वेग धरत. नोर्देन तिच्या पुढे होता! वेडा, उलटा चालत, दोन्ही हात तिच्या नाकाला लावून, तिला थोपवायला निघाला होता. भरलेल्या व्हॅनला! त्याचे पाय घसरत होते.

"सोड!" मी किंचाळले. "बाजूला हो, नोर्देन!"

पाव उतरवताना दर वेळी दार लावायचा त्याला कंटाळा, म्हणून ते नुसतं लोटलेलं असायचं. मी धावत दार ओढलं, सीटवर अंग टाकलं आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. बंद इंजिनाचा ब्रेक, दगडासारखा कडक! व्हॅन घसटत, फरफटत पुढे गेली. स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं. क्लच, रिव्हर्स, क्लच सोडला. व्हॅनला एक हिसका बसला, पुढचं चाक गटाराच्या कडेला अडकलं, आणि ट्रेमधले सगळे पाव एकदम माझ्या अंगावर आले.

व्हॅन थांबली.

मी खिडकीतून डोकं काढलं. नोर्देन भिंतीला पाठ लावून उभा होता, पांढराफटक, पण धड.

"लागलं का?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

आणि तेवढ्यात मागून बिशनचा आवाज आला. "उठली! उठली! सगळ्यांनी बघितलं! चहा अर्धा आहे, काका! नापास!"

मी व्हॅनमधून उतरले. केसांत पावाचा चुरा. तेव्हा कळलं, मी काय केलं ते. अर्धा पेला! अर्ध्या पेल्यासाठी बाबांचा नंबर गेला. आणि गंमत अशी, की मला एकदाही वाटलं नाही, बसून राहायला हवं होतं.

साइला काका जीपमधून सावकाश उतरले. जीपच्या नाकापासून व्हॅन हातभर अंतरावर थांबली होती. त्यांनी तो हातभर बघितला, मग जीपची चाकं बघितली, मग मला.

"बिशन," ते म्हणाले, "ही उठली तेव्हा कशाकडे बघत होती?"

"पावाच्या गाडीकडे. आणि त्या पाववाल्याकडे."

"आणि जीपकडे?"

बिशनने तोंड उघडलं आणि मिटलं. पाळत त्याने मन लावून ठेवली होती, त्यामुळे खोटं बोलायलाही जागा नव्हती.

"खरं सांग, पोरी," काका माझ्याकडे वळले. "जीपकडे बघितलंस? तुझे बाबा त्यात होते. मी होतो. माझी म्हातारी होती."

आता काय सांगायचं? पण खोटं मला जमत नाही.

"नाही, काका," मी म्हटलं. "जीप तिथे आहे हेच मी विसरले होते."

मग जीपमध्ये बाबा हसायला लागले. गुडघा धरून, खो-खो. त्यांच्यामागे काकांची म्हातारी, मग ते जाडजूड ड्रायव्हर. जीप त्यांच्या हसण्याने हलत होती, पण सरकत नव्हती.

"नियम काय आहे?" काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "आपल्या गाडीकडे मागे वळून बघायचं नाही. हिने बघितलं नाही. दुसऱ्याची गाडी सुटलेली असताना ही चहा पीत बसली असती, तर मी स्वतः हिचा नंबर काढला असता. काय रे बिशन?"

"पण चहा..." बिशन म्हणाला.

"हां. चहा राहिलाय. चहा संपव, पोरी."

फुर्बा दीदीने पेला आणून हातात दिला. मी जीपकडे पाठ केली. पाठ केली तर समोर नोर्देन. मी त्याच्याकडे बघत चहा प्यायला लागले. निवलेला होता, साय धरलेली. इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नाही.

"मी..." नोर्देनने सुरुवात केली.

मी बोट वर केलं. चहा संपेपर्यंत नाही. सगळं गाव त्याला न्याहाळत होतं आणि त्याचे कान पुन्हा तांबूस होत होते. मी सावकाश प्यायले, मुद्दाम. शपथ मोडल्याची तेवढी तरी शिक्षा हवीच.

पेला उलटा करून काकांना दाखवला. काकांनी मान डोलावली. नंबर राहिला. बाबा डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणत होते.

"आता बोल," मी नोर्देनला म्हटलं. "तू तर येणार नव्हतास ना? आणि उतारावर गाडी लावणं हा तुझा धंदा! गियर कसा विसरलास?"

"तुला बघायची बंदी होती," तो म्हणाला. "मला वाटलं, कुणीतरी बघायला हवं. वर कोपऱ्यावर थांबलो. तू जीपमधून उतरलीस... ताठ मानेने चालत गेलीस. आणि मी व्हॅनमधून तसाच उतरलो. गियर-बियर काही सुचलंच नाही." त्याने श्वास घेतला. मग सगळ्यांसमोर, फुर्बा दीदीसमोर, काकांसमोर, बाबांसमोर, त्याने माझं नाव घेतलं. "युमा. मला तू आवडतेस. फार. केव्हापासून सांगायचं होतं."

त्याने कसं नाव घेतलं त्यावरून सगळ्यांना कळलं. अगदी तो म्हणाला होता तसंच.

"बरं," मी म्हटलं.

"नुसतं बरं?" तो गोंधळला. "तू... तुझं काय? तू काहीच नाही सांगितलंस."

"मघाशीच सांगितलं. काकांनी विचारलं तेव्हा."

"तेव्हा? तेव्हा तर तू जीपचं बोलत होतीस."

"हो ना," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला न विचारता ओला झाला. "जिच्यासाठी एवढे दिवस उजाडायच्या आत उठले, जिच्यापुढे तुलाही गप्प बसवलं, ती जीप मी विसरले, नोर्देन. आणखी कसं सांगायचं असतं?"

त्याने माझ्या केसांतला पावाचा एक तुकडा काढला, आणि हात तिथेच राहिला.

जीपमधून काकांच्या म्हातारीने खणखणीत आवाजात विचारलं, "ए ड्रायव्हर! सिमलडांड्याला नेतेस की लग्नच लावून निघतेस?"